दारातला निरोप आणि विटलेला लाल

श्यामकांत घाडग्यांना रायपूरच्या मराठी मंडळींत सगळे ओळखतात, आणि सगळे एकाच गोष्टीवरून ओळखतात: हा माणूस निघता निघत नाही.

आपल्याकडे 'येतो' म्हणणं म्हणजे जाणं नव्हे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. 'येतो' म्हटल्यावर चपला घालता घालता एक विषय निघतो, दार उघडल्यावर दुसरा, फाटकाशी तिसरा, आणि गाडी सुरू करून झाल्यावर जो निघतो तो खरा, ज्यासाठी माणूस मुळात आलेला असतो. घाडग्यांनी मात्र या रीतीची पार गायकी करून टाकली होती. तात्यापारा मोहल्ल्यात एका बारशाला गेले आणि त्यांचा निरोप संपेस्तोवर बाळ रांगायला लागलं, असं लोक सांगतात. यात अतिशयोक्ती आहे. बाळ नुसतं पालथं पडायला लागलं होतं.

आणि असा हा पाल्हाळिक माणूस पोटासाठी काय करत होता? तर शंकर नगरातल्या एका खासगी लॅबमध्ये औषधं तपासत होता. आसपासच्या लहान कारखान्यांतून सिरपच्या बाटल्या येत, गोळ्यांची पाकिटं येत. लेबलावर जेवढं औषध लिहिलंय तेवढं आत आहे का, हे घाडगे सांगत. तीस-बत्तीस वर्षं सांगत होते, आणि त्यांचा आकडा खोटा ठरला असं कधी झालं नव्हतं. निदान ते स्वतः तरी असंच सांगत, आणि विचारलं नाही तरी सांगत. "आम्ही भोसल्यांच्या फौजेबरोबर इथे आलेले घाडगे. शब्द म्हणजे शब्द." त्यावर त्यांच्या सौ. गोदावरीबाई स्वयंपाकघरातून म्हणत, "फौजेबरोबर आले ते हत्तींना चारा घालायला. तेही सांगत जा."

घाडग्यांचं खास लाडकं औषध म्हणजे प्रोमेथाझिन. ॲलर्जीवर देतात, गाडी लागते त्यावर देतात. हे औषध विरघळलं की पाण्यासारखं बिनरंगी; समोर ठेवलं तरी आहे की नाही कळायचं नाही. पण आम्लात घालून त्याच्या रेणूकडून एक इलेक्ट्रॉन हिसकावून घेतला की ते लालबुंद होतं. रसायनवाले अशा रेणूला रॅडिकल म्हणतात. घाडगे नवीन आलेल्यांना समजावून सांगत, "लग्नात चप्पल चोरीला गेलेला माणूस पाहिलाय? चेहरा कसा लाल होतो? तसंच हे. पण ती लाली टिकत नाही. थोड्या वेळानं तो दुसऱ्याच कुणाची तरी चप्पल घालून घरी जातो, आणि चेहरा पुन्हा पहिल्यासारखा. हा रेणूही पाण्यातून ऑक्सिजन उचलतो, पायात घालतो, आणि बिनरंगी होऊन बसतो."

जितका लाल गडद तितकं औषध जास्त, असा हिशेब. यंत्रात काचेची नळी ठेवायची, आकडा घ्यायचा. आम्ल कडक असलं की लाली जरा तग धरते. पाणी जास्त झालं, उन्हाळा चढला किंवा नुसता उशीर झाला की उतरते. म्हणून घाडग्यांचं एक वाक्य लॅबमध्ये सगळ्यांना पाठ होतं: "हा रंग जावयासारखा आहे. आला की लगेच पाट मांडा, नाहीतर रुसून जातो."

त्यांना स्वतःला जावई मिळायची वेळ आली, तेव्हाच नेमकं हे वाक्य ते विसरले.

जावई म्हणजे भार्गव गावंडे. घाडग्यांच्या श्रावणीशी त्याचं जमलं होतं, आणि दोघांनी आपसांतच जमवून मग घरच्यांना कामाला लावलं होतं. भार्गवचे वडील मारोतराव मूळचे वर्ध्याकडचे, रेल्वेच्या नोकरीत रायपूरला आले, आणि पुढे नोकरी सोडून अभनपूरच्या रस्त्यावर औषधांचा एक चिमुकला कारखाना काढून बसले. घाडगे पडले जुने रायपूरकर. नागपूरच्या पलीकडून आलेल्या माणसाकडे ते जरा तिरकं बघत. पण पहिल्याच भेटीत मारोतराव 'येतो' म्हणून उठले आणि फाटकाशी तिसरा विषय काढून उभे राहिले, तेव्हा घाडग्यांचे डोळे पाणावले. आपल्या तोलाचा माणूस भेटला! गोदावरीबाईंनी आतून फक्त कपाळाला हात लावला. एका घरात एक होता तो पुरत नव्हता.

साखरपुड्याचा दिवस ठरला. अंगठी घ्यायला मारोतराव मे महिन्यातल्या एका दुपारी सदर बाजारला निघाले होते. वाटेत होणाऱ्या व्याह्यांना भेटून जाऊ म्हणून लॅबमध्ये शिरले. लॅबमधला एसी नावापुरताच होता. घाडगे आतल्या टेबलाशी प्रोमेथाझिनच्या एका सिरपवर काम करत होते. सिरप कुणाचं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. तपासणाऱ्याला कळू नये म्हणून लेबलावर कागद चिकटवून नुसता नंबर टाकायची तिथे पद्धत होती. कोणता नंबर कुणाचा, हे फक्त लॅबच्या मुख्य बाई यामिनी वर्मांना माहीत असे.

मारोतराव बाहेरच्या खोलीत बसले, पाणी प्याले, आतबाहेर आरोळ्या मारत गप्पा झाल्या. दरम्यान घाडग्यांनी आधी शुद्ध औषधाचा रंग करून त्याचा आकडा घेतला. मग सिरपचे दोन फ्लास्क घेतले आणि दोन्हींत रंग फुलवणाऱ्या द्रावाचा शेवटचा थेंब टाकला. डाळिंबाच्या दाण्यासारखा रंग फुलला. आणि नेमकं तेव्हाच बाहेरून आवाज आला, "बरं भाऊ, येतो मंग."

आता काय करायचं? मुलीचा बाप मुलाच्या बापाला जागेवर बसूनच 'या' म्हणेल? जन्मभराचं बोलणं झालं असतं ते. घाडगे हात पुसत उठले. "चला, दारापर्यंत येतो."

दारापर्यंतच. दार चार पावलांवर होतं. पण तिथे आधी साखरपुड्याला श्रीखंड की पुरणपोळी हा विषय निघाला. मग श्रीखंडावरून घाडग्यांच्या चुलत भावाचा, ज्याने मुलीच्या लग्नात बासुंदी कमी पडल्यावर त्यात पाणी घातलं होतं आणि वर "आमच्याकडे अशीच करतात" म्हणाला होता. मग त्या भावाची नवी सून. मग सुनेच्या माहेरचे. मग मारोतरावांचा गुडघा. मग फाटकापर्यंत चालता चालता घाडग्यांचा गुडघा, जो अर्थातच जास्त दुखत होता.

मारोतरावांचा सरळपणा असा की, आपल्या कारखान्याचं सिरप याच लॅबमध्ये तपासायला पडलंय हे माहीत असून त्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. गुडघ्यापर्यंत आले, पण सिरपपर्यंत गेले नाहीत.

घाडगे परत आले तेव्हा फ्लास्क लालच होते. डोळ्याला तर तस्सेच वाटले. डोळा शेवटी आपला नातेवाईक, चालवून घेतो. यंत्र परकं, ते घेत नाही. दोन्ही आकडे कमी आले, आणि दोन्ही सारखेच कमी. दोन साक्षीदार एकच सांगतायत म्हटल्यावर घाडग्यांना शंका कशाला येईल? दोघंही एकाच वेळी एकाच उकाड्यात विटले होते, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. त्यांनी शेरा मारला: औषध कमी, सिरप नापास.

यामिनीबाईंनी नंबर उघडला तो गावंड्यांचा निघाला.

संध्याकाळी फोन आला. "काहून भाऊ," मारोतराव म्हणाले, आणि आवाजात गुडघ्याचा मागमूस नव्हता, "पोट्टी द्याची नव्हती तं सरळ सांगाचं होतं ना. माह्या औषधाले काहून बदनाम करून राहिले?"

"अहो, मला काय माहीत ते तुमचं होतं? बाटलीवर नंबर असतो नुसता!"

"नंबर! मी दारात अर्धा जल्म उभा होतो तुमच्यापाशी, अन् आत तुम्ही माहा गळा कापून राहिले होते."

"मारोतराव, माझा आकडा आजवर खोटा निघालेला नाही."

"अन् माहं सिरप आजवर कमी निघालं नाही. आता बोला."

बोलण्यासारखं काही नव्हतं, म्हणून दोघं बराच वेळ बोलले, आणि मग मारोतरावांनी साखरपुडा थांबल्याचं सांगितलं.

दोन दिवसांत मराठी मंडळींत हकिकतीच्या दोन आवृत्त्या निघाल्या. एकीत, गावंड्यांनी घाडग्यांच्या चुलत भावाला आमंत्रण दिलं नाही म्हणून घाडग्यांनी सिरप पाडलं. दुसरीत, श्रावणीचं एका पंजाब्याशी जुळलं होतं आणि बापाने सुटकेची वाट काढली. पंजाबी कोण, हे कुणाला माहीत नव्हतं. पण त्याचं दुकान पंडरी बाजारात आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

श्रावणीला मराठी सगळं कळे, उत्तर मात्र ती हिंदीत देई. रागात तर हमखास. "बाबा, पूरे रायपुर में आपको फेल करने के लिए एक ही सिरप मिला था?"

"अगं, मी सिरप नापास केलं, तुला नाही."

"रिश्ता तो मेरा फेल हुआ ना!" म्हणाली आणि खोलीत गेली. दार आपटलं. त्या घराण्यातलं निरोपाचं दार इतक्या झटकन लागलेलं गोदावरीबाईंनी पहिल्यांदाच पाहिलं, आणि त्यांना मुलीचा त्यातल्या त्यात अभिमान वाटला.

घाडगे मात्र अडून बसले. मनातून पोखरले गेले होते. पोरीचा चेहरा बघवत नव्हता. पण आकडा म्हणजे आकडा! व्याह्याचं म्हणून सिरप पास केलं तर हत्तीचा चारासुद्धा लाजेल. आणि चुकीचा म्हणायचं तर चूक दाखवायला हवी. ती कुठे दिसत होती?

ती दिसली रविवारी सकाळी. मारोतराव घरी आले. बसले नाहीत. श्रावणीची पत्रिका परत आणली होती, आणि गोदावरीबाईंनी त्यांच्याकडे अनारसे पाठवले होते तो डबा. डबा रिकामा द्यायचा नाही म्हणून त्यात मूठभर साखर होती. सोयरीक मोडायला आलेला माणूससुद्धा रीत मोडत नाही.

"हे घ्या. येतो."

"या," घाडगे म्हणाले.

गोदावरीबाई आत भरल्या वांग्यांसाठी वांग्यांना चिरा देत होत्या. बाईंनी हिशेब केला: आज रागाचा निरोप आहे, लगेच आटपेल, वांगी मिठाच्या पाण्यात टाकत बसण्यापेक्षा पडद्यामागे उभं राहून दोन शब्द ऐकावेत. त्या गेल्या आणि उभ्या राहिल्या. बाहेर "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती" झालं. मग "आमचीही नव्हती" झालं. मग पंडरीच्या पंजाब्याचा विषय निघाला, आणि त्याचं दुकान कापडाचं की मिठाईचं यावर दोघांचा मतभेद झाला, कारण दोघांनी वेगवेगळ्या ठिकाणी ऐकलं होतं. मग ही अफवा कुणी उठवली यावर मात्र दोघांचं झटकन एकमत झालं: चुलत भाऊ. मग बासुंदी पुन्हा आली.

मारोतराव शेवटी गेले. गोदावरीबाई परतल्या आणि परात घेऊनच बाहेर आल्या.

"बघा! बघा ही वांगी! लग्न मोडायला आलेला माणूस, त्यालाही तुमच्याकडून सुटता येईना. चिरली तेव्हा पांढरीशुभ्र होती, तुमच्या येतो-या मध्ये काळी ठिक्कर पडली!"

घाडग्यांनी एक वांगं उचलून उजेडात धरलं, यंत्रातली नळी धरावी तसं.  गोदावरीबाईंना वाटलं, पोरीच्या काळजीनं ह्यांना काहीतरी झालं.

"गोदा," ते हळू म्हणाले, "चिरलेलं किती वेळात काळं पडतं?"

"तुमच्या एका निरोपात."

"त्या दिवशी पण मी निरोपच देत होतो." आणि ते मटकन पायरीवर बसले. "रंग फुलला होता, आणि मी दारात गेलो. शुद्ध औषधाचा आकडा मी ताजा घेतला, आणि सिरपचा शिळा! जावयाला पाटावर बसवून मी व्याह्याबरोबर गुडघ्यावर बोलत होतो."

"मग सांगा ना जाऊन."

"तीस वर्षांत कधी..."

"तीस वर्षं तुमचा आकडा खरा निघाला, कारण तीस वर्षांत लॅबमध्ये तुम्हाला भेटायला कुणी आलं नाही," गोदावरीबाई म्हणाल्या. "उठा."

सोमवारी घाडगे यामिनीबाईंसमोर उभे राहिले. बाई ऐकून हसल्या नाहीत, पण न हसायला त्यांना कष्ट पडत होते हे दिसत होतं.

"मुकर रहे हैं या मान रहे हैं, दादा?"

"मानतोय. पण उशीर किती झाला ते सांगता येत नाही. निरोपाला कुणी घड्याळ लावतं का?"

"तो फिर साबित कैसे होगा? आपका होनेवाला समधी है। आप कहेंगे उशीर हुआ, दुनिया कहेगी रिश्ता बचाया।"

खरं होतं. सिरप मुळातच कमी असेल तर?  ही शक्यता त्यांनी स्वतःपासूनही लपवली होती. उशीर झाला, हे खरं. पण उशिरामुळेच आकडा उतरला, हे अजून कुणी पाहिलं नव्हतं.

यामिनीबाईंनी मग एक निकाल दिला. सिरपची राखून ठेवलेली बाटली त्या स्वतः तपासतील. घाडगे हात लावणार नाहीत. रंग केल्याबरोबर एक आकडा घेतील आणि कुणाला सांगणार नाहीत. मग तोच फ्लास्क टेबलावर राहील, आणि गावंडे नि घाडगे त्याच दारात, त्याच दुपारच्या वेळी, त्या दिवशीसारखा निरोप घेतील. तो संपला की दुसरा आकडा. पहिला पूर्ण आणि दुसरा घाडग्यांच्या नापास आकड्याएवढा निघाला, तरच सिरप सुटलं. "और पहला ही कम निकला, तो दादा सही थे। हव?"

"हव," घाडग्यांनीही रायपुरी होकार भरला.

मारोतराव आले ते तोंड फिरवूनच. "मले याच्याशी बोलाचंच नाही, मॅडम."

"बोलना पड़ेगा, भैया। जाँच है।"

आत रंग फुलला. बाईंनी आकडा घेतला, चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही, आणि दाराकडे बोट केलं. दोघे व्याही दारात उभे राहिले. मारोतराव रस्त्याकडे बघत, घाडगे चौकटीकडे. गल्लीतून कुल्फीवाला गेला. कुणी काही बोलेना. दोघांच्या पुऱ्या आयुष्यात दारात शब्द सुचला नाही, असं प्रथमच घडत होतं.

"बोला ना, श्रीखंड की पुरणपोळी," घाडगे पुटपुटले.

"साखरपुडा राह्यलाच कुठी?"

मारोतराव पुन्हा रस्त्याकडे बघू लागले. आतल्या फ्लास्कमध्ये लाल उभा होता, आणि हे दोघे न बोलताच निघून गेले असते तर सगळंच मुसळ केरात गेलं असतं. घाडग्यांना श्रावणीचं आपटलेलं दार आठवलं. मान वर न करता ते म्हणाले, "गुडघा कसा आहे?"

मारोतरावांनी बराच विचार केला. राग एकीकडे, गुडघा एकीकडे. "रात्री ठणकते."

"तेल कोणतं लावता?"

"महुआचं."

"छे छे! महुआचं नाही, मारोतराव. एरंडाचं."

"एरंडाचं? तुमाले कोनं सांगतलं? आमच्या अभनपूरच्या वैदानं..."

आणि मग धरण फुटलं. वैदावरून वैदाच्या दुसऱ्या बायकोवर, तिच्यावरून पंजाब्यावर, ज्याचं दुकान आता दोघांच्या मते चपलांचं होतं. चुलत भावाला साखरपुड्याला बोलवायचं आणि मुद्दाम बासुंदीच ठेवायची, असंही मधल्या मध्ये ठरून गेलं. साखरपुडा थांबलाय हे दोघांच्याही लक्षात नव्हतं. मारोतराव तीनदा "येतो" म्हणाले आणि घाडगे तीनदा "या" म्हणाले. चौथ्यांदा मारोतराव पायरी उतरले, वळले, "अन् हो, त्या अंगठीचं माप..." म्हणत पुन्हा चढले. शेवटी ते रस्त्यापर्यंत गेले, तेव्हा घाडग्यांनी समाधानाचा सुस्कारा टाकला, आणि एकदम दचकून आत धावले.

यामिनीबाईंनी नळी यंत्रात ठेवली. आकडा बघितला. मारोतरावही धापा टाकत परत आले होते. ते दारातच थांबले, आणि आता त्यांचाही चेहरा चप्पल हरवल्यासारखा झाला होता.

"दूसरा," बाई सावकाश म्हणाल्या, "दादा के आँकड़े के बराबर।"

"आणि पहिला?"

"पहला पूरा है। सिरप पास।"

मारोतराव खुर्चीत बसले. घाडगे उभेच राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आकडा खोटा ठरला होता, आणि आपल्याला इतकं हलकं का वाटतंय, हे त्यांना कळेना.

"लेकिन दादा," बाई म्हणाल्या, "गलती का कारण आपको अपने हाथ से लिखना पड़ेगा। क्या लिखेंगे?"

घाडग्यांनी पेन काढलं आणि लिहिलं: 'रंग फुलल्यावर मी टेबल सोडून होणाऱ्या व्याह्यांना दारापर्यंत पोचवायला गेलो.' मारोतरावांनी खांद्यावरून वाचलं. "दारापर्यंत?" ते म्हणाले. "भाऊ, खोटं नका लिहू. फाटकापर्यंत लिहा."

घाडग्यांनी खोडून फाटक केलं.

मग बाईंनी त्यांना कामाला लावलं. प्रोमेथाझिनच्या दुसऱ्या एका नंबरची बाटली तुंबून राहिली होती. घाडगे आतल्या टेबलाशी गेले, शुद्ध औषधाचा आकडा घेतला, मग फ्लास्कमध्ये शेवटचा थेंब टाकला, आणि डाळिंबाचा दाणा फुलला.

"बरं भाऊ," मारोतराव दारात येऊन म्हणाले, "येतो मंग. भार्गवले फोन कराचा हाय. अन् ते पत्रिका तेवढी परत..."

घाडगे उठले. दारापर्यंत गेले. हसले. आणि मुलाच्या बापाच्या तोंडावर, वाक्य चालू असताना, त्यांनी दार लावून घेतलं.

याची तिसरी आवृत्ती मंडळींत संध्याकाळपर्यंत पोचली आणि त्यात हाणामारीही होती. पण त्या वेळी घाडगे फक्त यंत्रासमोर बसले होते. नळी ठेवली, आकडा घेतला, लिहिला, एकदा तपासला. रंग अजून पुरता ताजा होता. मग त्यांनी हात पुसले आणि दार उघडलं.

मारोतराव तिथेच उभे होते, वाक्याच्या मध्यावर. "...पाठवून द्या," ते म्हणाले, "अन् डब्यातली साखर संपली असन तं डबा रिकामा नका पाठवू."